कुत्रा सारखा चाटत असतो? कारण शोधण्यापासून चाटणं थांबवण्यापर्यंत

कुत्रा चाटणारच. जेवल्यावर ओठांवरून जीभ फिरवणं, फिरून आल्यावर पंजा दोनदा चाटून गप्प बसणं, तुम्ही ऑफिसातून आलात की हात चाटणं, यात काळजीचं काही नाही. काळजी करायची ती तीन गोष्टी दिसल्यावर. हाक मारली, खाऊ दाखवला तरी चाटणं थांबत नाही. रोज त्याच जागी चाटतो. किंवा त्या जागेचं रूप बदललंय, म्हणजे केस विरळ झालेत, कातडी लाल किंवा काळपट पडलीय, दमट वास येतोय.

आमचा ब्रूनो लॅब्रॅडोर आहे. ऐन तारुण्यात त्यानं पुढचे पंजे चाटायला सुरुवात केली. सोसायटीत सल्ल्यांना तोटा नव्हता: सवय लागलीय, कंटाळलाय, उष्णता झालीय, ताक पाजा. शेवटी कारणं दोन निघाली, एकात एक अडकलेली. अन्नाची ऍलर्जी, आणि तिच्यामुळे बोटांच्या बेचक्यांत माजलेली यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी. ती सापडेपर्यंत जो गोंधळ झाला तो तुमचा होऊ नये म्हणून हे क्रमानं लिहितोय. क्रमच महत्त्वाचा आहे. चाटणं हे लक्षण आहे, त्यामुळे आधी शरीरातलं कारण शोधायचं आणि मनातल्या कारणाकडे नंतर वळायचं. बहुतेक घरांत हे उलटं होतं. कुत्र्याला ओरडा बसतो, आणि कातडीखालचा जंतुसंसर्ग तसाच वाढत राहतो.

## आधी हे जमवून ठेवा

- लसीकरणाचं कार्ड आणि जंतांच्या औषधाची शेवटची तारीख
- गोचीड-पिसवांवर शेवटचं काय दिलं, कधी दिलं
- तो खातो त्या प्रत्येक गोष्टीची यादी, पाकिटामागच्या घटकांच्या फोटोसकट
- आधी घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या. मेडिकलमधून स्वतः आणलेलं मलमसुद्धा लपवू नका
- चाटतानाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ
- टॉर्च, बारीक दातांची फणी, बोथट टोकाची कात्री, जुने सुती टॉवेल
- त्याच्या मापाचा कोन, म्हणजे गळ्यात घालायची प्लास्टिकची कॉलर

व्हिडिओ विसरू नका. दवाखान्याच्या टेबलावर कुत्रा घाबरलेला असतो, तिथे तो एकदाही चाटत नाही.

## १. काही दिवस नुसतं बघा आणि लिहून ठेवा

कधी चाटतो, कुठे चाटतो, त्याआधी काय झालं होतं, आणि तुम्ही काय केल्यावर थांबला, एवढं वहीत लिहा. जेवणानंतर तासाभरात, रात्री दिवे मालवल्यावर, घर पुसल्यावर, गवतातून आल्यावर, तुम्ही फोनवर असताना, अशा वेळा लिहिल्यावरच दिसायला लागतात.

पांढऱ्या केसांचा पॉमेरेनियन, शिह त्झू किंवा लासा असेल तर एक खूण आयती मिळते. लाळेत पोर्फिरिन नावाची द्रव्यं असतात, त्यांनी केस तांबूस-तपकिरी होतात. पंजे किंवा मांड्या तशा रंगल्या असतील तर तुम्ही झोपलेले असताना तो चाटतोय, हे नक्की.

मात्र जखम वाहत असेल, पंजा सुजला असेल, तो लंगडत असेल किंवा जेवण सोडलं असेल, तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

## २. जागा पाहून अंदाज बांधा

निदान डॉक्टरच करणार, पण जागा पुष्कळ सांगते.

पुढचे दोन्ही किंवा चारही पंजे, जोडीला कान, काखा आणि पोट असेल तर ऍलर्जीचा संशय पहिला घ्या. धूळ-परागांसारख्या हवेतल्या गोष्टींची ऍलर्जी बहुधा वयाच्या सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत डोकं वर काढते. अन्नाची कुठल्याही वयात सुरू होते, तेच खाणं वर्षानुवर्षं चालू असलं तरीही.

एकच पंजा, तोही अचानक: काटा, कुसळ, गोचीड, तुटलेलं नख.

शेपटीचं मूळ, कंबर, मांड्यांचा मागचा भाग: पिसवा. कानांच्या कडा आणि कोपरं खाजत असतील, आणि घरातल्या माणसांनाही पुरळ उठलं असेल, तर खरूज.

गुदाजवळ चाटणं आणि जमिनीवर घसरत बसणं: गुदाशेजारच्या ग्रंथी भरल्या असतील, किंवा फीतकृमी असतील. फीतकृमीचे तुकडे तांदळाच्या दाण्यासारखे केसांना चिकटलेले दिसतात. हा जंत पिसवांमधून येतो, त्यामुळे जंताची गोळी देऊन पिसवा तशाच ठेवल्या तर तो परत येतो.

लघवीच्या जागी सतत चाटणं: मूत्रमार्गाचा संसर्ग. नसबंदी न झालेली कुत्री माजावर येऊन एक-दोन महिने झाले असतील, ती मलूल असेल आणि भरपूर पाणी पीत असेल, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. यात जीव जातो. रात्र असली तरी थांबू नका.

सांध्यावर, विशेषतः वयस्क कुत्र्यात: खाली दुखणं असतं. कातडी पूर्ण चांगली दिसते आणि तो गुडघा किंवा मनगट चाटत राहतो.

फरशी, भिंत, सोफा चाटणं याला लोक हमखास वेडेपणा म्हणतात. माँट्रियल विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी असे १९ कुत्रे तपासले, २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि त्यातल्या १४ जणांना पोटाचा काही ना काही आजार निघाला. तेव्हा फरशी चाटणाऱ्याचं आधी पोट तपासून घ्या. मळमळ झाली की कुत्रे ओठ चाटतात, घटाघटा गिळतात, गवत खायला धावतात.

## ३. पंजा स्वतः उघडून बघा

आपल्याकडे बहुतेक तक्रारी पंजांच्याच असतात, म्हणून इथे वेळ द्या. कुत्रा दमून पडलेला असताना जमिनीवर बसा, टॉर्च घ्या आणि एकेक बेचकी बोटांनी फाकवून बघा. वरून बघून उपयोग नाही. खालच्या बाजूला, गाद्यांच्या मधेसुद्धा बघायचं.

गोचीड बेचक्यांत लपून बसायला पटाईत. छोटी असते तेव्हा मोहरीसारखी, रक्त पिऊन फुगली की वाटाण्याएवढी. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, काडीपेटी, मीठ यातलं काही लावू नका.

पाऊस सरला आणि ऑक्टोबरपासून गवत वाळायला लागलं की कुसळांचा मोसम. टेकडीवर, माळावर मोकळं सोडलेल्या कुत्र्याच्या बोटांत कुसळ घुसतं. त्याच्या अंगावरचे बारीक काटे उलट्या दिशेचे असल्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. दोन बोटांमध्ये गाठ येते, तिला छिद्र पडून पातळ स्राव पाझरतो, औषधानं बरं वाटतं आणि पुन्हा फुगतं. असं चक्र दिसलं तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की कुत्रा वाळलेल्या गवतात जातो. आत कुसळ असेल तोवर प्रतिजैविकांनी ते पूर्ण बरं होत नाही.

बेचक्यांत तपकिरी, तेलकट थर आणि आंबूस वास असेल तर यीस्ट. पावसाळ्यात ही फार. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर पंजे वाळतच नाहीत. लाल पुटकुळ्या आणि पू म्हणजे जिवाणू. दोन्ही एकदम असणं अगदी नेहमीचं आहे.

गाद्या सोललेल्या असतील तर दोन गोष्टी आठवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी डांबरी रस्त्यावर नेलं होतं का? तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच सेकंद टेकवून बघा, सहन होत नसेल तर त्याच्या पायांनाही होत नाही. दुसरी, फरशी कशानं पुसता? फिनाईलनं पुसलेल्या ओल्या फरशीवरून कुत्रा चालतो आणि मग तेच पाय चाटतो. त्यामुळे त्वचाही चुरचुरते आणि रसायनही पोटात जातं. फिनाईल बंद करा. दुसरा कुठलाही क्लीनर वापरलात तरी साध्या पाण्याचा एक हात फिरवा आणि फरशी वाळेपर्यंत त्याला त्या खोलीबाहेर ठेवा.

## ४. डॉक्टरांकडे नुसतं इंजेक्शन मागू नका

खाज थांबवणारं इंजेक्शन घेतलं की संध्याकाळपर्यंत कुत्रा शांत होतो आणि आपण खूश होतो. ते बहुधा स्टिरॉइड असतं. कधीकधी ते खरंच लागतं, पण कारण न शोधता दर महिन्याला तेच घेत राहिलं तर तहान, भूक, वजन, लघवी सगळं वाढतं आणि संसर्ग आतल्या आत पसरतो.

त्याऐवजी हे विचारा: टेप लावून किंवा काचपट्टीवर नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघता येईल का? कातडी खरवडून खरजेचे किडे तपासता येतील का? गुदग्रंथी बघितल्या का? या तपासण्या साध्या आहेत, बऱ्याचदा तिथल्या तिथे होतात. जवळच्या दवाखान्यात सोय नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात जा. मुंबईत परळला, सातारा जिल्ह्यात शिरवळला, विदर्भात नागपूरला अशी महाविद्यालयं आहेत. कार्ड आणि जुन्या चिठ्ठ्या घेऊन सकाळी लवकर पोचा.

मेडिकलमधल्या मलमांबद्दल कळकळीनं सांगतो. माणसांच्या नायट्याच्या ट्यूबमध्ये बहुधा जोरकस स्टिरॉइड मिसळलेलं असतं. कुत्रा ते चाटून पोटात घेतो. झिंक ऑक्साइड असलेली मलमंही चाटली तर विषारी. सर्दीच्या गोळ्यांमधल्या ऍलर्जीच्या औषधासोबत नाक मोकळं करणारं औषध किंवा पॅरासिटामॉल असू शकतं, आयबुप्रोफेन तर सरळ घातक. हळद आणि खोबरेल तेल विषारी नाहीत, पण तेल लावलं की चाटणं दुप्पट होतं आणि बेचकी ओली राहते. डेटॉलच्या पाण्यानं पाय धुणं बंद करा, त्यानं कातडी पोळते.

## ५. गोचीड-पिसवांचा बंदोबस्त पहिला

एकही पिसू दिसली नाही तरी हे करायचंच. पिसवांच्या लाळेची ऍलर्जी असलेल्या कुत्र्याला थोडे चावे पुरतात, आणि तो चाटून-चावून पुरावा स्वतःच गिळतो. ओला पांढरा कागद खाली धरून अंगावर बारीक फणी फिरवा. पडलेले काळे ठिपके विरघळून तांबडे झाले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

महिन्यातून एकदा द्यायची अफॉक्सोलॅनरची गोळी किंवा बारा आठवडे चालणारी फ्लुरालॅनरची गोळी आता सर्रास मिळते. डोस वजनावर ठरतो, म्हणून आधी वजन करा. कुत्र्याला कधी झटके आले असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा. आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याच्या मानेवर टाकायचे परमेथ्रिनवाले थेंब आणूच नका, मांजर त्यानं दगावतं.

पोट भरलेली गोचिडीण कुत्र्यावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत अंडी घालते. कुत्र्याचं औषध केलं आणि फटी तशाच राहिल्या की पुन्हा सुरू. फटी बुजवा, अंथरूण गरम पाण्यात धुवा. आपल्या हवेत गोचीड बारा महिने असते, त्यामुळे थंडी आली म्हणून औषध थांबवू नका.

## ६. जखम भरेपर्यंत जीभ पोचू देऊ नका

लाळेनं जखम बरी होते असं घरोघरी मानतात. सतत चाटलेली जखम मात्र ओलीच राहते आणि मोठी होते. कोन घालावाच लागतो. नाकाचं टोक कोनाच्या कडेच्या थोडं आत राहील आणि गळ्यापाशी दोन बोटं जातील, असं माप घ्या. पहिले काही तास तो दारांवर, टेबलांवर आपटेल. खाऊ देत देत कोन चढवा, पाण्याचं भांडं थोडं उंचावर ठेवा. दया येऊन रात्री काढू नका, चाटण्याची खरी वेळ रात्रच.

पायात सुती मोजा चालतो, पण तुमच्या डोळ्यांसमोर असतानाच. रबरबँडनं तो कधीही बांधू नका. केसांत रबर दिसत नाही, रक्तपुरवठा तुटतो आणि पंजा काळा पडेपर्यंत कळत नाही.

मनगटाच्या वरच्या बाजूला केस गेलेला, कडक, जाड चट्टा झाला असेल तर तो चाटून चाटून झालेला जुना व्रण आहे. लॅब्रॅडोर, गोल्डन, डोबरमन यांच्यात नेहमी दिसतो. संसर्ग खोलवर असल्यामुळे प्रतिजैविक कित्येक आठवडे द्यावं लागतं. वरून बरं दिसलं म्हणून कोर्स अर्धवट सोडला की पहिल्यापासून सुरुवात.

## ७. धुणं सोपं, वाळवणं महत्त्वाचं

यीस्ट किंवा जिवाणू निघाले तर डॉक्टर क्लोरहेक्सिडिनचा, बहुधा मायकोनॅझोलसोबतचा शॅम्पू देतात. साधारण आठवड्यातून दोनदा तो वापरायचा असतो. फेस दहा मिनिटं अंगावर राहिला पाहिजे. घड्याळ लावा, कारण लोक दोन मिनिटांत धुऊन टाकतात आणि शॅम्पूच वाईट म्हणतात. पाणी कोमट, कढत नको. माणसांचा शॅम्पू नको.

रोजच्या फिरण्यानंतर साध्या पाण्यानं पाय धुवा आणि प्रत्येक बेचकीत टॉवेलचं टोक घालून टिपा. टिपणार नसाल तर धुऊ नका, ओला पंजा हे यीस्टचं घर. बेचकीतले वाढलेले केस बोथट कात्रीनं कमी करा.

## ८. अन्नाची चाचणी: घरातल्या सगळ्यांची परीक्षा

गोचीड गेली, संसर्ग बरा झाला, तरी बाराही महिने खाज आहेच, तर अन्नाचा विचार करा. कुत्र्यांमध्ये ऍलर्जी करणाऱ्या अन्नांत गोमांस, दूध, चिकन आणि गहू ही नावं सगळ्यात पुढे आहेत. आपल्या घरांतला कुत्र्याचा आहार बघा: सकाळी दूध-पोळी, रात्री चिकन-भात. चारांतली तीन रोज ताटात.

रक्ताच्या किंवा केसांच्या तपासणीतून अन्नाची ऍलर्जी खात्रीनं कळत नाही. पैसे वाचवा. खरी चाचणी एकच: किमान आठ आठवडे असं अन्न द्यायचं जे त्यानं कधीच खाल्लेलं नाही, किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेलं, प्रथिनं तोडून बनवलेलं तयार खाद्य. घरी शिजवायचं तर एक मांस आणि एक पिष्टमय पदार्थ, बस. चिकनवर वाढलेल्या कुत्र्याला मासे आणि रताळं, असं. कांदा-लसूण अजिबात नाही, दोन्ही त्याला विषारी. हे घरचं अन्न फक्त चाचणीपुरतं, त्यात कॅल्शियमसारखी द्रव्यं पुरेशी नसतात. पिल्लाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका.

चाचणी फसते ती स्वयंपाकघरात नव्हे, दाराशी. आजी जेवताना एक घास टाकतात. कामाच्या मावशींना ग्लुकोज बिस्किट दिल्याशिवाय चैन पडत नाही. वॉचमनकाका पावाचा तुकडा देतात. बाळ उंच खुर्चीवरून वरण सांडतं. हे सगळं प्रेम आहे, म्हणून रागावून उपयोग नाही. आमच्याकडे आईनं फ्रिजवर डबा ठेवला, त्यात ब्रूनोच्याच अन्नातले रताळ्याचे वाळवलेले काप. ज्याला द्यावंसं वाटेल त्यानं त्यातलं द्यायचं. सगळ्यांचं मन राहिलं आणि चाचणीही टिकली.

लोकांच्या लक्षात न येणारे चोर: मांसाच्या चवीच्या गोचीड-जंतांच्या गोळ्या, चघळायच्या काड्या आणि हाडं, गोळी लपवायला वापरलेलं चीज, कुत्र्याची टूथपेस्ट. या काळात गोचिडीसाठी मानेवर टाकायचे थेंब मागून घ्या.

आठ आठवड्यांनी खाज कमी झाली तर तिथेच थांबू नका. जुनं अन्न परत सुरू करा. खाज दोन आठवड्यांच्या आत परतली तरच ऍलर्जी सिद्ध. ही पायरी करवत नाही, बरा झालेला कुत्रा पुन्हा खाजवताना बघणं जिवावर येतं. पण ती टाळली तर सुधारणा अन्नानं झाली की मोसम बदलल्यानं, हे कधीच कळत नाही. मग चाचणीच्या अन्नावर परत येऊन चिकन, दूध, गहू असं एकेक घालून बघायचं. ब्रूनोचा दोषी चिकन निघाला, दूध त्याला चालतं.

अन्नानं काहीच फरक पडला नाही तर ऍलर्जी बहुधा हवेतली. ती मुळासकट जात नाही, आटोक्यात ठेवावी लागते. ओक्लॅसिटिनिबसारखी गोळी एका दिवसात खाज उतरवते, पण ती एक वर्षाखालच्या कुत्र्यांना देत नाहीत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच चालवतात.

## ९. आता मनाकडे वळा

शरीर स्वच्छ निघालं, तरीही चाटणं आहे. किंवा आजार बरा झाला आणि चाटण्याची सवय मागे राहिली. तेव्हा त्याचा दिवस तपासा. दोन खोल्यांचा फ्लॅट, सकाळी दहा मिनिटं खाली, मग संध्याकाळपर्यंत एकटा. शिकारीच्या कामासाठी घडवलेल्या जातीला हे पुरणारं नाही. फिरताना घाई करू नका, त्याला वास घेऊ द्या. एका झाडाशी पाच मिनिटं थांबला तरी थांबू द्या, डोकं तिथेच चालतं. जेवण भांड्यात आयतं न देता जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवा.

तो चाटायला लागला की ओरडू नका. भीतीनं चाटणारा ओरडण्यानं आणखी चाटतो, आणि लक्ष वेधायला चाटणाऱ्याला लक्षच मिळतं. शांतपणे दुसऱ्या कामाला बोलवा: बस, हात दे, बॉल आण. मग शाबासकी. न चाटता शांत पडलेला दिसला की तेव्हा जवळ जा. आपण नेमकं तेव्हाच विसरतो.

गणपतीतले ढोल, दिवाळीतले फटाके यांनी वाढत असेल तर आधीच आतल्या खोलीत जागा करा, पडदे ओढा, पंखा चालू ठेवा. फारच त्रास असेल तर सणाच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांशी बोला. मनावरची काही औषधं लागू पडायला आठवडे लागतात.

## १०. माणसांना चाटत असेल तर

चाटायला लागला की काही न बोलता उठून जा. थांबला की परत या. घरात सगळ्यांनी हेच करायचं. एकानं लाड केले तर उपयोग नाही.

उघड्या जखमेवर, तान्ह्या बाळाच्या तोंडावर चाटू देऊ नका. प्लीहा काढलेली, कर्करोगावर उपचार घेणारी माणसं घरात असतील तर विशेष जपा, कुत्र्यांच्या लाळेतले काही जिवाणू त्यांना गंभीर आजारी पाडतात. रेबीजसाठी जागतिक आरोग्य संघटना उघड्या जखमेवरच्या चाटण्याला तिसऱ्या, म्हणजे सर्वात धोक्याच्या वर्गात धरते. रस्त्यावरच्या किंवा लस न घेतलेल्या कुत्र्यानं तसं चाटलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरच्या कुत्र्याची लस वेळेवर झालेली असली तरी डॉक्टरांना विचारून घ्या.

## ११. बरं वाटल्यावर

औषध संपलं की एकदा पुन्हा दाखवा, कुत्रा ठीक दिसत असला तरी. संसर्ग खरंच गेला का, हे परत नमुना घेऊनच कळतं. स्टिरॉइडच्या गोळ्या मनानं एकदम बंद करू नका, डोस हळूहळू उतरवावा लागतो. वही चालू ठेवा. वर्षभराच्या नोंदी झाल्या की मोसम दिसतो: कुणाचा जूनमध्ये बिघडतो, कुणाचा गवत वाळल्यावर. आमच्याकडे मे संपायच्या आत शॅम्पूची नवी बाटली आणि टॉवेलांचा गठ्ठा दारामागे तयार असतो.